बाहेरचा पाय

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये डावरीशी लढायला कुणी तयार नसायचं. नऊ वर्षांत तिच्या अकरा लढती झाल्या होत्या. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या उजव्या पोरींच्या तीस-तीस झाल्या. त्यातल्या एकीचं मधे लग्न झालं, जुळी झाली, आणि ती परत येऊन लढायलाही लागली. डावरीचं नाव पुढं केलं की समोरच्या पोरीचा कोच फोनवर आधी विचारायचा, "डावरी हे नाव आहे की हात?"

"दोन्ही," मामा सांगायचा. मग तिकडून फोन पुन्हा यायचा नाही.

मामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ. उमेदीत स्वतः लढलेला, कान चुरगळलेल्या कागदासारखे झालेले. टायरच्या दुकानाच्या माडीवर त्याची जिम होती. खाली दिवसभर टायर ठोकले जायचे, वर माणसं. नवीन आलेल्या पोरींना तो पहिल्याच आठवड्यात डावरीसमोर उभं करायचा आणि भीती कशाची ते समजावून सांगायचा.

"उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढं टाकून उभा राहतो. डावा हात पुढं, चाचपायला. उजवा मागं, मारायला. दोन उजवे समोरासमोर आले की सगळं ओळखीचं असतं. डावरा आला की सगळं उलटं. त्याचा उजवा पाय पुढं, तुमचा डावा पुढं, पायात पाय. अरुंद दारात समोरून कुणी आलं आणि दोघंही एकाच बाजूला सरकले की कसं होतं? तसं. फक्त इथं 'माफ करा' म्हणत नाहीत, थोबाड फोडतात."

"मग जिंकतं कोण?" एखादी विचारायची.

"ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडतो तो. पाय बाहेर पडला की मागचा हात सरळ हनुवटीसमोर येतो. डावऱ्याला हे रोजचं असतं, कारण त्याला आयुष्यभर उजवेच भेटतात. उजव्याला डावरा भेटतो वर्षातून एकदा. म्हणून उजव्या पोरींचे कोच हिचं नाव काढलं की फोन ठेवतात."

दिवसा डावरी लाँड्रीत कामाला होती. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री, माणूस उभा मावेल एवढे ड्रम, छतापर्यंत वाफ. तिचं काम माल निवडायचं. गाठोडं सोडायचं, चादरी वेगळ्या, गाऊन वेगळे, रक्ताचे कपडे आधी थंड पाण्याच्या हौदात. गरम पाण्यात रक्त बसतं, मग ते जन्मात निघत नाही, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिच्या अंगात जेवढी ताकद होती तेवढी ओल्या चादरींनी दिली होती, असं मामा म्हणायचा.

आई मात्र एकाही लढतीला आली नाही. "माझ्याच लेकीचं नाक फुटताना बघायला मी तिकीट काढू?" एवढंच तिचं म्हणणं.

विजेतेपदाचा पट्टा तेव्हा बाईंकडे होता. बाई म्हणजे खरोखरच्या शाळेतल्या बाई. पूर्वी गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान त्याच शाळेत कवायत घ्यायचे. दोघांनी एकदमच नोकरी सोडली, ते बाईंचे कोच झाले, आणि सगळे त्यांना सर म्हणत राहिले. पाच वर्षं बाई हरल्या नव्हत्या. त्यांची पुढची लढत दोन महिन्यांवर, एका डावऱ्या पोरीशी ठरली, आणि सरांनी मामाला फोन केला. सराव द्यायला डावरी हवी होती, सहा आठवडे, रोज.

"म्हणजे आपल्याला लढत नाही, पण मार खायला बोलावणं आहे," मामा म्हणाला.

"मार कोण खातंय ते बघू," डावरी म्हणाली.

बाईंचा हॉल स्वच्छ होता. पांढरे दिवे, नव्या गादीचा वास, भिंतीवर फळा आणि फळ्यावर खडूनं काढलेली पावलं. पहिल्या दिवशी पहिल्या फेरीत, अर्धं मिनिट झालं असेल, डावरीचा डावा हात बाईंच्या दोन्ही हातांच्या मधून गेला आणि नाकाचं हाड मोडल्याचं दोघींनाही कळलं. रक्ताची धार छातीवर आली. सर दोरावरून आत झेपावले.

"अहो, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी ग्लोव्हनं नाक दाबलं, डोळ्यांतलं पाणी झटकलं आणि डावरीकडं वळल्या. "पुन्हा मार. हळू. कुठून आला ते मला बघू दे."

डावरीनं तोच ठोसा हळू मारून दाखवला. बाईंनी पाहिलं, मान हलवली. "पुन्हा."

त्या दिवसापासून डावरीला ही बाई आवडायला लागली. बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तर ऐकायच्या. पाय कुठं टाकू? बाहेर टाका, माझ्या उजव्या पायाच्या बाहेर. मग? मग उजवा हात सरळ सोडा, गोल नको. तुझा डावा आला तर? तुम्ही बाहेर असाल तर तो तुमच्या कानावरून जाईल. बाई घरी जाऊन वहीत लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पाय बरोबर पडायला लागला. चौथ्या आठवड्यात त्यांचा उजवा हात असा आला की डावरीची दाढ हलली. दोराला धरून उभी राहताना तिला हसू फुटलं. खाल्लेल्या ठोशाचा अभिमान वाटायची तिची ही पहिलीच वेळ.

"आलं की बाई तुम्हाला!" ती दातांवरच्या रबराआडून बोबडं बोलली.

"गृहपाठ केला होता," बाई म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात, शेवटच्या शुक्रवारी, डावरीला एक गोष्ट दिसली. बाई बाहेर पाय टाकून उजवा हात सोडत, तेव्हा त्यांचं उजवं कोपर बरगड्यांपासून वीतभर उठायचं. तेवढ्या वेळात त्यांची उजवी कूस, जिथं लिव्हर असतं, उघडी पडायची. गुडघ्यात वाकून त्या हाताखाली शिरलं तर डावा सरळ तिथंच बसेल. शिकवलेली गोष्ट बाई इतक्या मन लावून करायच्या की कोपराकडं त्यांचं लक्षच नसायचं. डावरीनं सांगायला तोंड उघडलं, पण बेल झाली, बाई पाणी प्यायला गेल्या, सरांनी गप्पा काढल्या. सोमवारी सांगू, असं तिनं ठरवलं.

सोमवारी सकाळी आयोजकाचा फोन आला. ती दुसरी डावरी पोर जिन्यावरून पडली होती. मनगट मोडलं होतं. तिकिटं विकली गेली होती, हॉल ठरला होता. बारा दिवस उरले होते. बाईंची तयारी डावऱ्या हातासाठी झाली होती, तेव्हा डावराच हात हवा होता.

मामानं फोन ठेवला आणि टायरच्या ढिगावर बसला. "नाही म्हणून सांगतो."

"का?"

"का म्हणजे? सहा आठवडे तिला तूच शिकवलंस. तुझा पाय, तुझा हात, तुझा श्वास, सगळं तिच्या वहीत आहे. आपल्याच हातानं सुरी धारदार करून दिलीस, आता मान पुढं करतेस?"

"नऊ वर्षांत किती वेळा बोलावलं मला पट्ट्यासाठी?"

मामानं बुडाखालच्या टायरवरची धूळ झटकली.

"आणि पुन्हा किती वेळा बोलावतील?"

"आईला काय सांगू तुझ्या?"

"तिकीट काढू नकोस म्हण."

त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. "डावरे, तुझं नाव मीच सुचवलं. खोटं कशाला बोलू, तू मला सोपी जाशील असं सर म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण तुझी संधी हक्काची आहे, म्हणूनही सुचवलं. दोन्ही खरं."

"कळलं, बाई."

"चिडलीस?"

"नाही."

बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं, शुक्रवारी तू काहीतरी सांगणार होतीस. सांगायचं काही राहिलंय का?"

डावरीच्या हातात लाँड्रीचा ओला एप्रन होता. तिनं तो खुंटीला लावला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

बारा दिवस मामानं पोटाला चामड्याचा जाड पट्टा बांधला आणि तो बाई झाला. डावा पाय बाहेर, उजवा हात सरळ. डावरी वाकायची, हाताखाली शिरायची आणि डावा ठोसा उजव्या कुशीत घालायची. रोज दोनशे वेळा. चौथ्या दिवशी पट्टा असूनही मामाला उलटी झाली. तोंड पुसून तो पुन्हा उभा राहिला. "पाय घेऊ दे तिला," तो म्हणायचा. "बाहेरचा पाय तिचा. कूस आपली." ही कूस उघडी पडते हे डावरीला कधी कळलं, ते त्यानं विचारलं नाही.

लढतीच्या दिवशी हॉल भरला होता. दहा फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटांच्या. बाई निळ्या झग्यात आल्या, डावरीकडं बघून त्यांनी मान झुकवली. डावरीनंही झुकवली. पुढं अर्धा तास त्या दोघींनी एकमेकींना माणूस म्हणून पाहिलं नाही.

पहिल्या दोन फेऱ्या सरळ बाईंच्या. त्यांचा पाय घड्याळाच्या काट्यासारखा डावरीच्या पायाच्या बाहेर पडायचा आणि उजवा हात यायचा. कपाळावर, गालावर, पुन्हा गालावर. डावरी वाकायला जायची, पण अर्धा क्षण उशीर व्हायचा. मामाचा हात पन्नास वर्षांचा होता, बाईंचा नव्हता. दुसऱ्या फेरीच्या शेवटी तिच्या वरच्या ओठातून दात आरपार निघाला होता.

"दिसतंय का कोपर?" मामानं ओठावर बर्फ दाबत विचारलं.

"दिसतंय. हात पोचत नाही."

"वाट नको बघूस. पाय पडला की खाली जा. हात यायच्या आधी."

तिसऱ्या फेरीत ती आधी खाली गेली आणि बाईही त्याच क्षणी पुढं आल्या. डावरा आणि उजवा भिडले की पुढच्या पायांबरोबर डोकीही एका रेषेत येतात. बाईंचं कपाळ डावरीच्या उजव्या भुवईवर आपटलं. चामडी हाडापर्यंत उलगडली. रेफरीनं मुद्दाम नव्हतं म्हणून हात हलवला आणि लढत चालू ठेवली. डावरीच्या उजव्या डोळ्यात रक्ताचा पडदा उतरला, आणि पुढं असलेली तिची बाजूच आंधळी झाली. बाईंना ते एका नजरेत कळलं. त्या हिशेबी होत्या, आणि त्या वेळी त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं तरी तेच करतं: त्यांनी सगळे ठोसे त्या भुवईवर आणले. डाव्या हातानं भुवई उघडायची, उजव्यानं डोकं मागं फेकायचं. पहिल्या रांगेतल्या माणसांनी शर्ट पुसले.

चौथ्या फेरीत डावरी पडली. ठोसा तिला दिसलाच नाही. दिसली ती गादी, फार जवळून, आणि गादीवर तिच्याच रक्ताचे थेंब. रेफरी पाच म्हणाला तेव्हा तिला ऐकू यायला लागलं. आठला ती उभी होती. उरलेला वेळ तिनं बाईंना मिठी मारून काढला.

कोपऱ्यात मामा भुवईत औषध कोंबत होता. "थांबवतो मी."

"मामा, थांबवलंस तर तुझ्या जिमचा जिना पुन्हा चढणार नाही."

"डोळा जाईल."

"तो तसाही दिसत नाहीये."

आणि खरोखर, त्या आंधळ्या डोळ्यानंच काम केलं. हात दिसत नव्हता, म्हणून तिनं हाताची वाट बघणं सोडलं. ती बाईंच्या पायाकडं बघायला लागली. डावा पाय सरकला, बाहेर टेकला, की डोळे मिटूनही पुढचं तिला पाठ होतं; तिनंच तर शिकवलं होतं. पाचव्या फेरीत पाय टेकला, ती गुडघ्यात बसली, उजवा हात तिच्या केसांना घासून वरून गेला, आणि डावा ठोसा कोपराखाली मनगटापर्यंत रुतला.

लिव्हरवरचा ठोसा लगेच दुखत नाही. बाई एक पाऊल मागं गेल्या, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांचं तोंड उघडलं, श्वास आत जाईना, आणि त्या गुडघ्यावर बसल्या. पाच वर्षांत कुणी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. हॉल उभा राहिला. रेफरी नऊ म्हणाला तेव्हा बाई उठल्या, ओठ राखाडी झाले होते.

सहाव्या फेरीत पुन्हा तेच. पाय, वाकणं, कूस. पुन्हा. बाईंना आता कोपर उचलायचं धाडस होईना. त्यांनी ते पोटाला चिकटवून ठेवलं, आणि त्यामुळं हनुवटीजवळचा उजवा हात खाली आला. सातव्या फेरीत डावरीनं डोळ्यांनी कुशीकडं पाहिलं आणि डावा वर सोडला. जबड्याच्या उजव्या बाजूला तो बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज हातातून तिच्या खांद्यापर्यंत आला.

बाईंचं दातांवरचं रबर बाहेर पडलं. रेफरीनं उचलून दिलं, पण ते तोंडात बसेना. खालचे दात वरच्या दातांखाली राहिले नव्हते. बाईंनी ते कसंबसं आत ढकललं आणि हात वर केले.

बेल झाली. डावरी स्टुलावर बसली. समोर सर बाईंच्या तोंडात बोटं घालून बघत होते. बाईंनी त्यांचं मनगट धरून जोरात बाजूला केलं आणि मान हलवली. नाही, थांबवू नका.

"जबडा गेलाय तिचा," मामा म्हणाला. मग खालच्या आवाजात, तिच्या कानाशी, "तिथंच मार."

आठव्या फेरीत डावरीनं तिथंच मारलं. चार वेळा, पाच वेळा. प्रत्येक ठोशाला बाईंच्या घशातून शाळेतली मुलं रडू दाबतात तसा आवाज यायचा. त्याही परत मारत होत्या. त्यांच्या एका ठोशानं डावरीची बरगडी गेली, आणि तिला श्वास घेताना आत काहीतरी टोचायला लागलं. एकदा मिठीत त्या दोघी अडकल्या. बाईंचा गाल तिच्या मानेवर टेकला, गरम, सुजलेला, आतून हलणारा. डावरीनं त्यांना दूर ढकललं, नेमकं अंतर मिळावं म्हणून. आणि पुन्हा तिथंच मारलं.

दया आली नाही. नंतर कित्येक दिवस तिला एवढंच आठवत राहिलं, की दया आली नव्हती. उलट हात कधी नव्हे इतका हलका झाला होता.

नवव्या फेरीत बाई दोराला टेकल्या, हात खाली पडले, तरी त्या पडेनात. रेफरी वाट बघत होता. सरांनी लढत सोडल्याची खूण म्हणून टॉवेल फेकला. तो डावरीच्या पायावर येऊन पडला, आणि त्याआधी निघालेला ठोसा तिला थांबवता आला नाही. तो शेवटचा ठोसाही तिथंच बसला.

पट्टा कमरेला बांधला तेव्हा तो रक्तानं निसटत होता. मामा रडत होता. डावरीनं बाईंच्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं फक्त पाठी दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भुवईला चौदा टाके, छाती आवळून बांधलेली, अशी ती इस्पितळात गेली. दाराशी सर बसले होते. एका रात्रीत त्यांचे गाल आत गेले होते.

"दोन ठिकाणी मोडलाय," ते म्हणाले. "तारा घातल्यात. जा आत. मी अडवलं तर ती मला घरातून हाकलेल. टॉवेल टाकला म्हणून आधीच बोलत नाहीये. म्हणजे... लिहीत नाहीये."

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड तारांनी बंद, डोळे सुजेच्या दोन फटी. मांडीवर वही होती. डावरी पलंगाशी उभी राहिली. वाटेत तिनं खूप काही ठरवलं होतं. पण तिची नजर चादरीच्या कडेवर गेली. लाँड्रीचा निळा शिक्का होता. तिच्याच लाँड्रीचा.

बाईंनी पेन उचललं. एकच शब्द लिहिला आणि वही वळवली. *कोपर?*

डावरीनं होकारार्थी मान हलवली.

*कधी कळलं?*

खोटं बोलता आलं असतं. पाचव्या फेरीत, म्हटलं असतं, आणि ते पटलंही असतं.

"त्या शुक्रवारी," ती म्हणाली. "तुमच्या फोनच्या आधी."

बाईंनी पान उलटलं, स्वच्छ पानावर मोठ्या, गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: *जा.*

डावरी गेली.

पट्टा आईनं कपाटात, हिवाळी पांघरुणांच्या खाली ठेवला. "मेलं ते केवढं जड आहे," म्हणाली. लाँड्रीत मुकादमानं सगळ्यांना चहा दिला आणि डावरीला हलकं काम देऊ केलं. तिनं घेतलं नाही. उजव्या डोळ्याला कडेचं थोडं कमी दिसायचं, ते तिनं डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नाही. मामानं जिममध्ये तिचा फोटो लावला. पण "तिथंच मार" हे शब्द त्यानं पुन्हा कुठल्या पोरीला म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही. एकदा एका पोरीनं समोरचीच्या दुखऱ्या कानावर सारखं मारलं, तर त्यानं शिट्टी वाजवून सराव बंद केला.

पाच महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, लाँड्रीच्या मागच्या अंगणात डावरी पायरीवर डबा उघडून बसली होती. फाटकातून बाई आत आल्या. अंगावर साधा सुती ड्रेस, खांद्याला वह्यांची पिशवी. चेहरा एका बाजूला किंचित ओढलेला. डावरी ताडकन उभी राहिली, मांडीवरचा डबा सांडला.

"बस," बाई म्हणाल्या. 'स' नीट उमटला नाही. "बस गं. मारायला नाही आले."

त्या पायरीवर तिच्या शेजारी टेकल्या. डावरीनं किटलीतला चहा कपात ओतून दिला. बाई डाव्या बाजूनं, हळूहळू प्यायल्या. उजव्या बाजूचं त्यांना गरम-गार काही कळत नव्हतं, थोडा चहा हनुवटीवरून ओघळला. त्यांनी तो सवयीनं रुमालानं टिपला.

"शाळेत परत घेतलं मला," त्या म्हणाल्या. "सातवीचा वर्ग. पोरं माझी नक्कल करतात. मागच्या बाकावरचा एक तर इतकी हुबेहूब करतो की परवा मलाच हसू आलं."

डावरीला हसू आलं, आणि मग एकदम हुंदका. ती तोंड फिरवून बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. चहा संपवला.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "जबड्याचं काही नाही. जबडा रिंगमध्ये गेला, तिथं जाणारच. मी तुझी भुवई सोडली का? पण फोनवर मी सरळ विचारलं होतं. मला शिकवणाऱ्या माणसाला विचारलं होतं."

"हो, बाई."

"बस्स. एवढं तोंडानं म्हणायचं होतं. तेव्हा तोंड बंद होतं."

ड्रम थांबल्याचा भोंगा झाला. आतून कुणीतरी डावरीला हाक मारली. बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता वळल्या.

"तुझ्यासमोर आता ती मनगटवाली येतेय म्हणे. डावरी."

"पुढच्या महिन्यात."

"डावऱ्याशी कधी लढलीस?"

"कधीच नाही. भेटलंच नाही कुणी."

बाईंच्या ओढलेल्या ओठावर काहीतरी हललं. "मग मेलीस," त्या म्हणाल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या.

बाईंचं खरं झालं. त्या लढतीत दोघींचे उजवे पाय पुढं होते, आणि डावरीला पहिल्या फेरीपासून आपल्याशीच कुणीतरी भांडतंय असं वाटत राहिलं. नेहमीच्या जागी काहीच सापडेना. दहा फेऱ्या ती उभी राहिली, भुवईची जुनी जखम पुन्हा उघडली, दोन बोटं सुजली, आणि पंचांनी दोन गुणांनी पट्टा दुसरीला दिला. कपडे बदलायच्या खोलीत मामानं तिचे बूट ओढून काढले, पायांखाली बर्फाची बादली सरकवली आणि विचारलं, "आता काय करायचं ठरवलंयस?"

डावरीनं दोन्ही पाय बादलीत घातले. "आधी हे सुन्न होऊ देत," ती म्हणाली.